शॉर्ट बॅरल रायफल: कर शून्य झाला, नोंदणी नाही

ऑस्टिनकर (धागाकर्ता)

टेक्सासात रेंजवर जाणारी आपली मंडळी आता बरीच झाली आहेत. शनिवारी सकाळी गेलं की एखाद्या लेनवरून तरी मराठी कानावर पडतंच. १ जानेवारी २०२६ पासून मात्र रेंजवर आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच वाक्य सारखं ऐकतोय: "एसबीआर आता फुकट झाली, स्टॅम्पची भानगड संपली." एसबीआर म्हणजे शॉर्ट बॅरल रायफल, आखूड नळीची रायफल, आणि स्टॅम्प म्हणजे तिचा फेडरल कर आणि नोंदणी. त्या वाक्यातलं पहिलं अर्धं बरोबर आहे. दुसऱ्या अर्ध्यावर विसंबून कुणी घरी बसून नळी बदलली, तर तो दहा वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकेल असा फेडरल गुन्हा आहे. आपल्यापैकी बहुतेकांकडे नागरिकत्व नाही, ग्रीन कार्ड किंवा व्हिसा आहे. त्यांच्यासाठी तर हा सगळा संसारच पणाला लावण्याचा प्रकार आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी व्याख्या. फेडरल कायद्यात रायफल म्हणजे खांद्याला टेकवून झाडायला बनवलेलं हत्यार, ज्याच्या नळीत आतून आटे आहेत आणि चाप एकदा ओढला की एकच गोळी सुटते. अशा रायफलीची नळी १६ इंचांपेक्षा कमी असेल तर ती शॉर्ट बॅरल रायफल. रायफल कापून किंवा बदलून केलेल्या हत्याराची एकूण लांबी २६ इंचांच्या खाली गेली, तरी ते त्याच यादीत जातं, मग नळी पूर्ण लांबीची असली तरी. शॉटगनसाठी नळीची मर्यादा १८ इंच आहे.

कायद्याचे शब्द "पेक्षा कमी" असे आहेत. बरोबर १६ इंच चालते, पावणेसोळा चालत नाही. म्हणून माप कसं घेतात ते नीट समजून घ्यायला हवं. रायफल रिकामी आहे याची खात्री करून बोल्ट (नळी मागून बंद करणारा सरकता भाग) पूर्ण बंद करायचा. नळीच्या तोंडातून एक सरळ लाकडी काठी आत सोडायची, ती बोल्टच्या तोंडाला टेकली की नळीच्या टोकाशी काठीवर खूण करायची, काठी बाहेर काढून मोजायची. एटीएफ, म्हणजे बंदुकांचे कायदे राबवणारी फेडरल संस्था, असंच मोजते. म्हणजे काडतूस जिथे बसतं तो चेंबरचा भागही नळीच्या लांबीत येतो. बाहेरून दिसणारी नळी टेपने मोजणाऱ्यांचा हिशेब इथेच चुकतो, कधी या बाजूला तर कधी त्या बाजूला.

टोकाला आट्यांवर फिरवून बसवलेला फ्लॅश हायडर (गोळी सुटतानाचा लखलखाट कमी करणारा तुकडा) मापात धरत नाहीत, कारण तो हाताने काढता येतो. तोच कायमचा बसवला, म्हणजे पिन घालून वर वेल्ड केला, तर धरतात. दुकानात "साडेचौदा इंची, पिन अँड वेल्ड" अशी पाटी दिसते ती यामुळे. साडेचौदाची नळी आणि वर कायमचा जोडलेला तुकडा मिळून १६ भरतात आणि ती साधी रायफल ठरते. एकूण लांबी नळीला समांतर मोजतात, आणि घडीचा दस्ता (खांद्याला टेकवायचा मागचा भाग) असेल तर एटीएफ तो उघडून मोजते.

आता नोंदणी. स्वतः बनवायची असेल, म्हणजे आपल्याकडच्या साध्या रायफलीला आखूड नळी लावायची असेल, तर फॉर्म १. तयार एसबीआर विकत घ्यायची असेल तर फॉर्म ४. दोन्हींना बोटांचे ठसे, पासपोर्ट साइज फोटो आणि तुमच्या भागातल्या मुख्य पोलीस अधिकाऱ्याला अर्जाची प्रत पाठवणं लागतं. २०१६ च्या जुलैपर्यंत त्या अधिकाऱ्याची सही लागायची, आता फक्त कळवायचं असतं. अर्ज एटीएफच्या ईफॉर्म्स साइटवर भरता येतात.

सगळ्यात महत्त्वाचं: मंजुरी आधी, काम नंतर. फॉर्म १ मंजूर होऊन हातात येईपर्यंत ती नळी त्या रायफलीवर चढता कामा नये, "फक्त बसते का बघू" म्हणूनसुद्धा नाही. फॉर्म ४ असेल तर मंजुरीपर्यंत हत्यार डीलरच्या तिजोरीत राहतं. फॉर्म १ वाल्याने बनवणारा म्हणून आपलं नाव, शहर आणि राज्य हत्यारावर कोरून घ्यायचं असतं, खोली किमान ०.००३ इंच आणि अक्षराची उंची किमान १/१६ इंच. कोरून देणारे लोक हे माप तोंडपाठ सांगतात, पण तुम्हीही विचारा.

एसबीआरवर कर आधी २०० डॉलर होता. ४ जुलै २०२५ ला सही झालेल्या कायद्याने सायलेन्सर, शॉर्ट बॅरल रायफल, शॉर्ट बॅरल शॉटगन आणि "इतर हत्यारं" या वर्गांसाठी तो १ जानेवारी २०२६ पासून शून्य केला. मशीनगनला आणि स्फोटक वर्गातल्या हत्यारांना २०० डॉलर कायम आहेत. त्या कायद्याने फक्त रक्कम बदलली. अर्ज, ठसे, फोटो, मंजुरी, फेडरल नोंदवही हे सगळं होतं तसंच आहे.

प्रश्न असतील तर विचारा. राज्यांचे कायदे वेगळे असतात, तेव्हा राज्याचं नाव जरूर लिहा.

नीरजा_डॅलस

खूप गरजेचा धागा. आमच्या ग्रुपवर "फुकट झाली" हाच मेसेज फिरतोय, तिथे याची लिंक टाकते.

एक मूलभूत शंका. पिस्तूल रायफलीपेक्षा कितीतरी आखूड असतं, कपड्यात लपतं, आणि ते साध्या चौकशीवर मिळतं. मग पंधरा इंची रायफलीलाच एवढं कडक का? मला यात तर्क दिसत नाही.

इतिहासवेडा

नीरजाताई, तर्क होता, पण त्याचा अर्धा भाग १९३४ मध्येच गळून पडला.

दारूबंदीच्या काळात टोळ्यांचा धुमाकूळ चालला होता. १९२९ मध्ये शिकागोत व्हॅलेंटाइन डेचं हत्याकांड झालं. फेब्रुवारी १९३३ मध्ये मायामीत अध्यक्षपदी निवडून आलेल्या रूझवेल्टवर गोळ्या झाडल्या गेल्या. रूझवेल्टचे ॲटर्नी जनरल होमर कमिंग्ज यांनी या कायद्याचा, म्हणजे १९३४ च्या नॅशनल फायरआर्म्स ॲक्टचा (एनएफए), जो मसुदा आणला, त्यात मशीनगन आणि कापलेल्या शॉटगनच्या बरोबरीने पिस्तूल आणि रिव्हॉल्व्हरही होते. म्हणजे कपड्यात लपणारी सगळीच हत्यारं नोंदवहीत आणायचा विचार होता. आता पिस्तुलावर बंधन घातलं की माणूस काय करेल? रायफल घेऊन तिची नळी आणि दस्ता कापेल. ती पळवाट बंद करण्यासाठी आखूड रायफलीचं कलम घातलं.

पुढे विरोध झाला आणि पिस्तूल, रिव्हॉल्व्हर मसुद्यातून काढले. पळवाट बंद करणारं कलम मात्र तसंच राहिलं. तुम्हाला जो तर्क सापडत नाही, तो त्या वगळलेल्या ओळींबरोबर गेला.

२०० डॉलरचा आकडाही तेव्हाचाच. त्या काळी थॉम्पसन सबमशीनगन साधारण तेवढ्यालाच मिळायची, म्हणजे वस्तूच्या किमतीइतकाच कर. सामान्य माणसाने नादाला लागू नये हा उद्देश उघड होता. २०२५ पर्यंत ती रक्कम एका डॉलरनेही वाढली नाही, त्यामुळे महागाईनेच कराची धार गेली.

१६ चा आकडाही मुळातला नाही. १९३४ मध्ये रायफल आणि शॉटगन दोन्हींना १८ इंच होते. रायफलीसाठी सरसकट १६ इंच १९६० मध्ये आले.

ऑस्टिनकर

फार छान सांगितलंत. मी यात एक जोडतो. १९३७ च्या सोन्झिन्स्की खटल्यात सुप्रीम कोर्टाने हा कायदा उचलून धरला, तो कर बसवण्याच्या अधिकाराखाली. आता करच शून्य झाल्यावर नोंदणीला आधार काय उरला, असा मुद्दा घेऊन काही संघटना कायद्यावर सही झाल्या झाल्या टेक्सासच्या फेडरल कोर्टात गेल्या आहेत. मुद्द्यात दम आहे असं माझं मत. पण कोर्टात चाललेल्या युक्तिवादाच्या भरवशावर घरात बिननोंदणी हत्यार ठेवणं आणि त्या कायद्याखाली शिक्षा भोगणं यात अंतर फार थोडं आहे. निकाल लागेपर्यंत कायदा लागू आहे.

मिहीर_ह्यूस्टन

माझ्याकडे एआर (एआर-१५ धर्तीचं) पिस्तूल आहे, साडेदहा इंची नळी, मागे ब्रेस. २०२३ मध्ये सगळे म्हणाले नोंदवा, मग म्हणाले नियम रद्द झाला. आता ते काय धरायचं?

ऑस्टिनकर

ब्रेसचा इतिहास लोकांना सगळ्यात जास्त गोंधळात टाकतो. २०१२ मध्ये ब्रेस आला तो अपंग माजी सैनिकाला एका हाताने जड पिस्तूल झाडता यावं म्हणून, हाताला पट्ट्याने बांधायचा आधार. एटीएफने तेव्हा पत्र देऊन सांगितलं की यामुळे पिस्तुलाची रायफल होत नाही. पुढे लाखो लोकांनी ते घेतलं आणि बरेच जण खांद्याला लावूनच वापरू लागले. ३१ जानेवारी २०२३ ला एटीएफने नियम प्रसिद्ध करून यातली बहुतेक पिस्तुलं एसबीआर ठरवली आणि ३१ मे २०२३ पर्यंत कर न घेता नोंदवायची मुदत दिली. अशा ब्रेसची संख्या एटीएफनेच सुमारे ३० लाख धरली होती. मुदतीत नोंदणी त्याच्या एका छोट्या हिश्श्याचीच झाली. जून २०२४ मध्ये टेक्सासच्या फेडरल कोर्टाने तो नियम रद्द केला.

म्हणजे आज नियम नाही, पण मूळ कायद्यातली "खांद्याला टेकवून झाडायला बनवलेलं" ही व्याख्या जागेवर आहे. ब्रेसच्या नावाखाली सरळ दस्ता लावला तर ती एसबीआरच. तुम्ही २०२३ मध्ये नोंदणी केली होती का? केली असेल तर ते मंजूर कागद जपून ठेवा, त्यावर तुमचं हत्यार एसबीआर म्हणून नोंदलेलं आहे.

मिहीर_ह्यूस्टन

नव्हती केली. खरा ब्रेस आहे, पट्ट्यासकट. आणखी एक, घरात सोळा इंची एआर रायफलही आहे. पिस्तुलाचा अप्पर (नळीचा वरचा अर्धा भाग) रायफलीच्या लोअरवर (चापाचा खालचा अर्धा भाग) सहज बसतो. लावत नाही मी, पण बसतो. त्यानेही अडकतो का?

रेंजवरचा_राम

मी बरीच वर्षं रेंजवर सेफ्टी ऑफिसर म्हणून काम करतो, हा प्रश्न मला दर आठवड्याला येतो.

यावर सुप्रीम कोर्टाचा १९९२ चा थॉम्पसन सेंटर निकाल आहे. कंपनी एक किट विकायची: पिस्तूल, त्याला लावायचा दस्ता आणि २१ इंची नळी. दस्ता आणि लांब नळी लावली तर कायदेशीर रायफल, दस्ता आणि मूळची दहा इंची नळी लावली तर एसबीआर. कंपनीने मुद्दाम एक अर्ज केला, २०० डॉलर भरले आणि ते परत मिळावेत म्हणून दावा लावला. दोनशे डॉलरचा दावा सुप्रीम कोर्टात गेला आणि कंपनी जिंकली. ज्या सुट्या भागांपासून कायदेशीर वस्तूही बनते, ते नुसते एकत्र असल्याने एसबीआर होत नाही, असं त्यातून निघालं.

तेव्हा मिहीर, तुझ्याकडे आखूड अप्परला स्वतःचं पिस्तूल लोअर आहे, लांब अप्परला स्वतःचं रायफल लोअर आहे, प्रत्येक भागाला कायदेशीर जागा आहे. तू ठीक आहेस. अडकतो तो ज्याच्याकडे रायफल एकच आहे आणि कपाटात साडेदहा इंची अप्पर पडलाय, ज्याचा कायदेशीर उपयोगच दाखवता येत नाही. अशा वेळी दोन्ही भाग ताब्यात असणं हाच पुरावा धरला जाऊ शकतो. फॉर्म १ मंजूर होण्याआधी नळी मागवून ठेवू नका असं मी सगळ्यांना याच कारणाने सांगतो.

अजून एक ध्यानात ठेव. पिस्तुलाची रायफल करून परत पिस्तूल करता येतं, एटीएफने २०११ मध्ये ते मान्य केलंय. पण जी मुळात रायफल म्हणून बनली, तिचं पिस्तूल करता येत नाही. केलंस तर ते "रायफलीपासून बनवलेलं हत्यार" होतं आणि नोंदणी लागते. लोअर विकत घेताना ती मुळात कशी बनली होती, त्याची पावती ठेव.

एच१बी_गृहस्थ

मी एच-वन-बीवर आहे, नवव्या वर्षात, ग्रीन कार्ड रांगेत. सहकारी म्हणतात शिकारीचं लायसन्स काढ, मग बंदूक घेता येते. खरं आहे का? आणि मग एसबीआरही?

ॲडव्होकेट_मावशी

मी इमिग्रेशनच्या बाजूची वकील आहे. इथे सल्ला देत नाही, कायदा काय म्हणतो तेवढं सांगते. हा भाग मात्र सगळ्यांनी शांतपणे वाचा.

नॉन-इमिग्रंट व्हिसावर आलेल्या माणसाला बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगायलाच फेडरल कायद्याने बंदी आहे. यात एच-वन-बी, एल-वन, एफ-वन आणि एच-फोर येतात, आणि बी-टूवर, म्हणजे भेटीच्या व्हिसावर, आलेले आपले आई-बाबाही येतात. मालकीचा प्रश्न नाही, नुसतं हातात घेणंही "बाळगणं" आहे. अपवाद थोडे आहेत. त्यातला लोकांना माहीत असलेला म्हणजे कुठल्याही राज्याचं चालू शिकार लायसन्स. म्हणजे तुमचे सहकारी सांगतात ते निराधार नाही. पण लायसन्सची मुदत संपली त्या दिवशी अपवादही संपतो आणि घरातली बंदूक गुन्हा होते. ज्याचं ग्रीन कार्ड रांगेत आहे त्याने असल्या नाजूक धाग्यावर एसबीआर लटकवू नये असं मी माझ्या भावालाही सांगेन.

आई-बाबांचं विशेष सांगते. मुलगा कौतुकाने त्यांना रेंजवर नेतो, बाबांच्या हातात रायफल देतो, फोटो काढतो, फेसबुकवर टाकतो. बाबांकडे टेक्सासचं शिकार लायसन्स नाही. तो फोटो म्हणजे त्यांच्या विरुद्धचा पुरावा, आणि त्यांच्या हातात बंदूक देणाऱ्या मुलाच्या विरुद्धचाही. पुढच्या वेळी व्हिसा मागायला ते मुंबईच्या कॉन्सुलेटमध्ये उभे राहतील तेव्हा हा फोटो कुणी पाहिलेला असावा असं तुम्हाला वाटतं का?

हे पुस्तकी बोलत नाही. २०१९ चा सुप्रीम कोर्टाचा रेहाइफ निकाल रेंजवरूनच सुरू झाला. स्टुडंट व्हिसावर आलेला मुलगा, कॉलेजने काढून टाकला म्हणून त्याचा दर्जा गेला, तो फ्लोरिडात रेंजवर जाऊन गोळ्या झाडून आला आणि फेडरल खटला झाला. कोर्टाने सरकारला सांगितलं की आपला दर्जा गेलाय हे त्याला माहीत होतं हेही सिद्ध करा. हे खूप महत्त्वाचं आहे, पण तिथपर्यंत पोचायला त्या मुलाची किती वर्षं गेली असतील बघा.

आता ग्रीन कार्डवाले. तुम्हाला बंदूक घेता येते, एसबीआरही नोंदवता येते. पण बिननोंदणी एसबीआर बाळगण्याचं जे कलम आहे, इंटर्नल रेव्हेन्यू कोडचं ५८६१, ते इमिग्रेशन कायद्यात नाव घेऊन "ॲग्रव्हेटेड फेलनी"च्या, म्हणजे सगळ्यात गंभीर धरलेल्या गुन्ह्यांच्या, यादीत घातलेलं आहे. त्यात दोषी ठरलात तर शिक्षा भोगून झाल्यावर देशाबाहेर काढलं जाण्याचा धोका आहे, ग्रीन कार्डवाल्यांना एरवी जी माफी मागता येते ती मागता येत नाही, आणि नागरिकत्वाचा दरवाजा कायमचा बंद होतो. मुलं इथे जन्मलेली, घराचं कर्ज चालू, आणि कारण काय तर पावणेसोळा इंचाची नळी. नागरिकाला त्याच गुन्ह्यात तुरुंग होईल, पण तो शिक्षा संपवून घरी येईल.

एच१बी_गृहस्थ

मावशी, मनापासून आभार. लायसन्सचा विचार सोडला. बाबा मे महिन्यात येतायत आणि खरंच रेंजचा बेत होता. तो आत्ताच रद्द.

नीरजा_डॅलस

मावशी, नवरा नागरिक आणि बायको एच-वन-बीवर असं आमच्या मैत्रिणीचं घर आहे. बंदुका त्याच्या नावावर. तिजोरीचा नंबर तिलाही माहीत आहे, अडीअडचणीला म्हणून.

ॲडव्होकेट_मावशी

तो नंबर आजच बदलायला सांग. तिजोरी उघडता येणं म्हणजे तिच्या ताब्यात असणं, असं सरकारी वकील म्हणू शकतो. नोंदणीकृत एसबीआर असेल तर प्रश्न दुहेरी होतो, कारण ती फक्त ज्याच्या नावावर मंजूर झाली त्याच्याच ताब्यात असायला हवी. यावर लोक ट्रस्ट करतात, ट्रस्टच्या नावाने अर्ज करतात आणि नवरा-बायको दोघंही ट्रस्टी होतात. पण प्रत्येक जबाबदार व्यक्तीचे ठसे आणि फोटो द्यावे लागतात आणि प्रत्येकाला बंदूक बाळगण्याचा अधिकार हवा. एच-वन-बीवाली पत्नी ट्रस्टी होऊ शकत नाही. तिचं ग्रीन कार्ड आलं की मग जोडा.

कृष्णाकाठ

सांगलीहून लिहितोय. इथे नळी कापणं हा स्वतंत्रच गुन्हा आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याचं कलम ६: परवान्याशिवाय बंदुकीची नळी आखूड करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला कमीत कमी सात वर्षं आणि जास्तीत जास्त जन्मठेप आहे. त्याच दुरुस्तीने एका परवानाधारकाकडे तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवली. आमच्या शेजारच्या काकांनी तेव्हा वडिलांच्या वेळची बारा बोअर परत केली, दोन दिवस जेवले नाहीत. निवडणूक लागली की राहिलेली दोनही पोलीस ठाण्यात जमा करायला सांगतात. तुमच्याकडे घरबसल्या अर्ज करून आखूड रायफल मिळते हे वाचून आश्चर्य वाटलं. एवढी हत्यारं घराघरांत असणं मला तरी बरं वाटत नाही, हेही प्रामाणिकपणे लिहितो.

ऑस्टिनकर

कृष्णाकाठ, तुमची काळजी मला समजते आणि ती इथल्या कितीतरी आपल्या घरांतही आहे. माझी पत्नी आजही रेंजवर येत नाही आणि मी तिला कधी आग्रह केला नाही. मी नेमबाजी खेळ म्हणून करतो. बंदूक असावी की नसावी हे प्रत्येक घराने ठरवावं, पण असेल तर कागद चोख हवेत.

सुमेध_प्लेनो

माझा प्रश्न तातडीचा आहे. मी नागरिक आहे. माझ्या नावावर फॉर्म १ ने केलेली एसबीआर आहे, ३०० ब्लॅकआउट काडतुसाची, नऊ इंची नळी. कंपनी मला दोन महिन्यांत न्यू जर्सीला, एडिसनच्या ऑफिसात पाठवतेय. बरोबर नेता येईल का? मूव्हर्सचा ट्रक ठरलाय.

ऑस्टिनकर

सुमेध, ट्रकमध्ये अजिबात टाकू नका. आधी फेडरल बाजू बघा: एसबीआर राज्याच्या सीमेपार न्यायची तर तात्पुरती असो की कायमची, आधी ५३२०.२० नावाचा फॉर्म भरून एटीएफची मंजुरी घ्यावी लागते. सायलेन्सरला हा नियम नाही, म्हणून लोक दोन्हींची गल्लत करतात. आणि जिथे जाताय त्या राज्यात ते हत्यार बेकायदा असेल तर ही मंजुरी मिळत नाही. न्यू जर्सीत १६ इंचांखालची रायफल सामान्य माणसाला बाळगता येत नाही, फेडरल स्टॅम्प असला तरी नाही. कॅलिफोर्नियातही तेच.

रेंजवरचा_राम

दोन वाटा आहेत. टेक्सासात असतानाच फॉर्म ४ वर विकून टाका, म्हणजे ताबा कायदेशीरपणे दुसऱ्याकडे जाईल. मंजुरी येईपर्यंत तुम्ही निघून गेला नसावात, म्हणून अर्ज या आठवड्यातच करा. दुसरी वाट म्हणजे नऊ इंची नळी काढून १६ इंची लावा, आखूड नळी विकून टाका आणि एटीएफच्या एनएफए विभागाला पत्र लिहून नोंदवहीतून हे हत्यार काढायला सांगा. त्यानंतर ती साधी रायफल. पण न्यू जर्सीत एआर प्रकारच्या रायफलींवरच वेगळी बंधनं आहेत आणि तिथे बंदुकीसाठी वेगळं आयडी कार्डही लागतं, म्हणजे साधी करूनही ती तशीच नेता येईल असं समजू नका.

सुमेध_प्लेनो

माझा मेहुणा ऑस्टिनमध्येच आहे, नागरिक आहे. त्याच्याकडे ठेवून गेलो तर? दोन वर्षांत परत यायचा विचार आहे.

ऑस्टिनकर

नुसती ठेवून जाता येणार नाही. तुमच्या नावावरचं हत्यार त्याच्या ताब्यात देणं म्हणजे मंजुरीशिवाय हस्तांतर, आणि तो गुन्हा तुम्हा दोघांचा होईल. त्याच्या नावाने फॉर्म ४ करा. कर आता शून्य आहे, म्हणजे खर्च फारसा नाही. परत आल्यावर त्याच्याकडून तुमच्या नावावर पुन्हा फॉर्म ४. याचा फायदा असा की नऊ इंची नळी, तुमचं कोरलेलं नाव, सगळं तसंच राहतं. मेहुण्याला आधी विचारा की त्याच्या घरात त्याच्याशिवाय कुणाला तिजोरी उघडता येते आणि त्या माणसाचा व्हिसा कोणता आहे.

सुमेध_प्लेनो

त्याची बायको नागरिक आहे, पण सासूबाई जूनपर्यंत बी-टूवर तिथे आहेत. तिजोरीचा नंबर फक्त त्यालाच माहीत आहे, आत्ता फोन करून विचारलं. उद्या त्याचे ठसे घेतो आणि फॉर्म ४ भरतो. एक राहिलं: वाहतूक मी स्वतः करू का? प्लेनो ते ऑस्टिन, दोन्ही टेक्सासातच.

ऑस्टिनकर

मंजुरी आल्यावर करा, राज्यातल्या राज्यात ५३२०.२० लागत नाही. रिकामी, कुलूपबंद पेटीत, आणि पेटीतच मंजूर फॉर्मची प्रत. मूळ मंजूर फॉर्म त्याच्याकडे द्या, एटीएफचा अधिकारी मागेल तेव्हा तो दाखवणं आता त्याचं काम. तुमच्या जुन्या फॉर्म १ ची प्रत स्वतःकडे ठेवा.

नीरजा_डॅलस

मैत्रिणीच्या नवऱ्याने तिजोरीचा नंबर बदलला. ऑस्टिनकर, फॉर्म ५ बद्दलही कधीतरी लिहा. आमच्या ओळखीतले एक काका मागच्या वर्षी गेले, त्यांच्या कपाटात एक नोंदणीकृत एसबीआर आहे आणि काकूंना काय करावं सुचत नाहीये.

ॲडव्होकेट_मावशी

वारसाच्या नावावर करायला फॉर्म ५ लागतो आणि त्याला आधीही कर नव्हता. तोपर्यंत इस्टेटचा जो एक्झिक्युटर (मालमत्तेची व्यवस्था पाहणारा) आहे त्याने ती सांभाळायची, दुसऱ्या कुणाला द्यायची नाही, विकायची नाही, राज्याबाहेर न्यायची नाही. पण वर्ष झालंय म्हणजे आता थांबू नये. काकूंना सांग, कपाट उघडून त्या हत्याराला हात न लावता आधी काकांचे कागद शोधा: मंजूर फॉर्म बहुतेक बँकेच्या लॉकरमध्ये किंवा टॅक्सच्या फायलीत सापडतो. मिळाला की मला निरोप कर, मी त्यांना प्रोबेटच्या (वारसाहक्काच्या) वकिलाशी जोडून देते.

नीरजा_डॅलस

संध्याकाळी त्यांच्याकडेच जातेय. फायली शोधून इथे कळवते.